ओळंबा

आईच्या चपलांचा तळ मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला तो नाशिकच्या भद्रकालीत, रस्त्याकडेला चपला शिवायला बसणाऱ्या एका काकांच्या हातात. डाव्या चपलेचा अंगठा उसवला होता. त्यांनी ती उलटी केली, क्षणभर पाहिली, मग पिशवीतली दुसरीही मागून घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी पालथ्या ठेवल्या. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेने झिजून तिरक्या झाल्या होत्या, डावी जास्तच. आतली कड जवळजवळ कोरी. "पाय बाहेर जातायत त्यांचे," ते म्हणाले आणि दाभण उचलून कामाला लागले.

त्या संध्याकाळी मी आईकडे मागून पाहत राहिले. ती बोळकांडीतून दाराकडे चालली होती आणि दारातून उन्हाची तिरीप येत होती. साडीच्या निऱ्या बरंच काही झाकतात, पण उजेड समोरून आला की त्यांनाही झाकता येत नाही. दोन्ही घोटे जवळ, दोन्ही गुडघे लांब, आणि मधे उजेडाची एक लांबोडकी फट. ती चालत नव्हती, डुलत होती. प्रत्येक पावलाला आधी अंग एका बाजूला झुकायचं आणि मग पाय उचलला जायचा. हे कधी झालं? रोज एका घरात राहणाऱ्या माणसाचं वाकणं दिसत नाही, जशी रोज पाहिलेली भिंत कलताना दिसत नाही.

भिंतीचं उदाहरण माझ्या तोंडात येतं कारण माझे वडील, अण्णा, गवंडी होते. पंचवटीतल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत खिळ्याला अजून त्यांचा ओळंबा टांगलेला आहे. तांबट आळीतून घडवून घेतलेला, भोवऱ्यासारखा, पितळी. वर लाकडी ठोकळा, मधून सूत. ठोकळा भिंतीला टेकवायचा, ओळंबा खाली सोडायचा, तो हेलकावे खाऊन थांबेपर्यंत वाट पाहायची. मग वर सूत आणि भिंत यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच खाली आहे का ते बघायचं. लहानपणी मला त्या कामातलं सगळ्यात आवडायचं ते हे वाट पाहणं. ओळंबा स्थिर होईपर्यंत अण्णा श्वासही हळू घेत.

गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी आईचा स्कॅनोग्राम काढायला सांगितला. साधा एक्स-रे गुडघ्यापुरता असतो. हा खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा, तोही उभं राहून, अंगाचा भार पायांवर असताना. डॉक्टरांनी पडद्यावर खुब्याच्या गोल डोक्याच्या मध्यावर एक ठिपका दिला, घोट्याच्या मध्यावर दुसरा, आणि दोन्ही रेषेने जोडले. चांगल्या पायात ही रेषा गुडघ्याच्या मधून जाते. आईच्या डाव्या पायात ती गुडघ्याला शिवलीच नाही. आतल्या बाजूने, दोन पायांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली गेली. बाक १४ अंशांचा होता.

आई खुर्चीत पुढे सरकून बघत होती. "हा तर ह्यांचा ओळंबा," ती म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नाही, मी समजावून सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास ते आमच्याशी गवंडीकामाच्याच भाषेत बोलले. सरळ पायातही चालताना गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर भाराचा ६०-७० टक्के हिस्सा येतो. पाय थोडा बाहेर वाकला की ती रेषा आत सरकते आणि आतल्या बाजूवरचा भार वाढतो. भार वाढला की तिथली कुर्चा, जिला आपण गादी म्हणतो, ती झिजते. गादी झिजली की पाय आणखी वाकतो, आणि वाकला की आणखी झिजतो. एकदा भिंतीचा तोल गेला की तिचं स्वतःचं वजनच तिला पाडायला लागतं, हे आईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं अण्णांबरोबर पंचवीस वर्षं पाट्या उचलल्या होत्या. डोक्यावर सिमेंटची पाटी, पायांखाली परांचीची फळी. घरी आली की विळीवर बसून भाजी, उकिडवं बसून भांडी, आणि चैत्रात सप्तशृंगीचा गड. गडाच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या ती एका दमात चढायची असं सगळे सांगतात. २०१८ मध्ये तिथं ट्रॉली सुरू झाली तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं. पुढच्याच वर्षी मुकाट ट्रॉलीत बसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी डावा गुडघा बदलायला सांगितला. "वाट्या बदलणं" हा शब्द आमच्या घरात आला होता तो पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्यांमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा, दोन्ही मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन रानावत न्यूयॉर्कहून आले होते. याच रानावतांनी जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत टोटल कॉन्डायलर नावाचा तो सांधा घडवला, जो १९७४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या गुडघ्यात बसला आणि ज्याच्यावरून आजचे बहुतेक गुडघे उतरले आहेत. त्याआधीचा इतिहास फार मागे जातो. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताची बिजागरी गुडघ्यात बसवून पाहिली होती. ती टिकली नाही. आपल्याकडे पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस' हा भारतीय बांध्याचा, आपल्या उठण्या-बसण्याचा विचार करून घडवलेला गुडघा तयार केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. आमच्यासारख्या घरात तो आकडा पाठ झाला होता.

आणि वाटी बदलतात म्हणतात, पण खरी वाटी, गुडघ्यावरची, बहुतेक वेळा तिथंच असते. फार तर तिला मागून प्लॅस्टिकचं अस्तर लागतं. बदलतं ते तिच्यामागचं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूची टोपणं बसवतात आणि मधे चिवट प्लॅस्टिकची चकती ठेवतात. तासताना कोन किती धरायचा, यावर पाय किती सरळ होणार ते ठरतं.

"पूर्ण सरळ करणार ना?" मी विचारलं.

"दोन-तीन अंश बाहेर ठेवीन म्हणतो," डॉक्टर म्हणाले.

मला ते पटलं नाही. गवंड्याच्या मुलीला कसं पटावं? १४ अंशांचं दुखणं अंगावर काढल्यावर माणूस ३ अंशांची उधारी का ठेवील? मी घरी येऊन वाचत बसले. आधी जे सापडलं ते माझ्याच बाजूचं होतं. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या जेफ्री, मॉरिस आणि डेनहॅम यांनी ११५ गुडघ्यांचा हिशेब मांडला होता. भाराची रेषा सांध्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून गेली त्या गुडघ्यांपैकी ३ टक्के सैल झाले. जिथं ती त्याबाहेर गेली, तिथं २४ टक्के. यापेक्षा स्पष्ट काय हवं? पण पुढे वाचत गेले तर २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा हिशेब दिलेला. त्यात रेषा ३ अंशांच्या आत असलेले आणि बाहेर असलेले, दोन्ही गुडघे जवळपास सारखेच टिकले होते. मग २०१२ चा बेल्जियममधला अभ्यास हाताला लागला. बेलेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० ते २७ वयाच्या २५० धडधाकट, कसलंही दुखणं नसलेल्या तरुण-तरुणींचे पाय मोजले. त्यांतल्या ३२ टक्के मुलांचे आणि १७ टक्के मुलींचे पाय ३ अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले होते, आणि ते त्यांचे वाढीबरोबर घडलेले पाय होते. त्यांच्यासाठी तेच सरळ होतं.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी पाणी प्यायला उठले, न्हाणीत दिवा लावला आणि तिथंच उभी राहिले. न्हाणीची फरशी अण्णांनी बसवलेली. घरातली प्रत्येक भिंत ओळंब्यात, प्रत्येक कोपरा गुण्यात, आणि ही एकच फरशी कोपऱ्याकडे उतरती. ढाळ. पाणी जायला हवं म्हणून त्यांनी तो मुद्दाम दिलेला. मला आठवतं, बादलीभर पाणी ओतून ते उकिडवे बसून पाहत होते, पाणी कसं जातं ते. फार दिला तर माणूस घसरतो, कमी दिला तर पाणी साचतं. किती द्यायचा हे ओळंबा सांगत नाही, हात सांगतो. डॉक्टरांच्या त्या दोन-तीन अंशांवर त्या रात्रीनंतर मी पुन्हा वाद घातला नाही. या प्रश्नावर सर्जन लोकांतही अजून एकमत नाही. काही जण रेषा अगदी मधूनच नेतात, काही जण त्या माणसाच्या मूळ पायाकडे थोडं झुकतं माप देतात. मला ते मतभेद आता भीतीदायक वाटत नाहीत. आई तर गडावरच्या देवीचं उदाहरण देऊन मोकळी झाली. सप्तशृंगीची मान एका बाजूला कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी बोलतात ते ऐकायला तिनं ती झुकवली, अशी कथा आहे. "तिची मान कुणी सरळ करायला गेलंय का?" आई म्हणाली.

शस्त्रक्रिया मार्गशीर्षात झाली, नाशिकची थंडी ऐन भरात असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वॉकर धरून उभं केलं. तिनं खाली पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली. "हा पाय माझा नव्हे," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, फक्त ओळख पटत नव्हती. डावा पाय सरळ, उजवा तसाच धनुष्य. "डावा लांब झालाय. घसरगुंडीवर उभी राहिल्यागत वाटतंय." वाकलेली काठी सरळ केली की तिची उंची वाढते, तसा तो पाय खरोखरच थोडा लांब झाला होता. पण तिला वाटत होता त्याहून फार कमी, आणि ते वाटणं ओसरायला महिने लागतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सांगितलेलं असणं आणि तिचा चेहरा पाहणं यांत अंतर होतं. वीस वर्षं डावीकडे झुकून चाललेलं अंग आता तिकडे झुकायला जात होतं आणि तिथं झुकायला जागाच नव्हती.

पाय सरळ करण्याचं काम दीड तासात झालं. तो सरळ आहे, हे अंगाला पटवण्याचं काम आमच्या वाट्याला आलं.

घरी आल्यावर सगळ्यात कठीण गेली ती उशी. दुखणारा गुडघा माणूस नकळत वाकवतो, त्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. आणि तीच उशी घातक. गुडघा थोडासा वाकलेलाच आखडला तर पुढे तो पूर्ण सरळ होत नाही, आणि मग डॉक्टरांनी कितीही मोजून रेषा आखलेली असो, चालताना पाय लंगडतोच. उशी घ्यायची ती टाचेखाली, म्हणजे गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने सरळ होतो. रात्री तीन वाजता ती झोपेत गुडघ्याखाली उशी ओढायची. मी हलक्या हाताने काढायचे. ती जागी व्हायची, काही बोलायची नाही, फक्त बघायची. आपल्या आईच्या पायाखालची मऊ गोष्ट काढून घ्यायची आणि वर तिला दुखू द्यायचं, हे मी अनेक रात्री केलं. गुडघा हाताला गरम लागायचा, जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर झाली होती. दोन्ही गोष्टी बरेच दिवस राहतात.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, जेमतेम पंचविशीची. ती आधी तळहात आईच्या गुडघ्याखाली सरकवून बघायची, फट किती आहे ते. "दाबा आजी, माझा हात चिरडून टाका." पहिल्या आठवड्यात तिची बोटं सहज आत जायची. तिनंच मला सांगितलं की बाहेर वाकलेल्या पायात आतल्या बाजूचे बंध आखडलेले आणि बाहेरचे ताणून सैल झालेले असतात. डॉक्टर आतले बंध थोडे थोडे मोकळे करतात, पाय सरळ असताना आणि वाकवलेला असताना दोन्हीकडे सारखा ताण येईपर्यंत. मला आमची जुनी सुंभाची बाज आठवली. एकाच कुशीवर झोपणाऱ्या माणसाच्या बाजेची दोरी एका बाजूला लोंबते. नुसते खूर बदलून भागत नाही, दोरी दोन्हीकडून सारखी ओढून घ्यावी लागते. फार ओढली तर पाय सरळ होत नाही, सैल राहिली तर लटपटतो. आणि स्नायूंचं काय? त्यांना तर कुणी चिरा देऊन नवं शिकवू शकत नाही. मांडीचा पुढचा स्नायू, कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू, यांना डुलत्या चालीचीच सवय होती. पाय सरळ झाला तरी ते डुलवतच राहिले.

तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी म्हणाली, "जमिनीवर एखादी सरळ रेघ हवी. खडूने आखू का?"

"आखायला कशाला?" आई म्हणाली. "आहे की."

मधल्या खोलीत शहाबादी फरशी आहे. अण्णांनी १९८९ च्या उन्हाळ्यात बसवली, सूत ताणून. लादी आणि लादी यांच्यामधली दर्ज दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एका ओळीत जाते, कुठंही केसभर हललेली नाही. आईनं त्या दर्जेच्या डाव्या अंगाला डावा पाय ठेवला, उजव्या अंगाला उजवा, आणि वॉकर पुढे सरकवला. टाच आधी, मग बोटं. गुडघा अंगठ्याच्या वर. अंग सरळ. पहिल्या दिवशी चार लाद्या. पुढे सहा. संक्रांतीच्या आसपास अख्खी खोली. त्या वर्षी तिनं तिळाच्या वड्या जमिनीवर पाट घेऊन थापल्या नाहीत, टेबलावर थापल्या, आणि विळी कायमची माळ्यावर गेली. विळी वर चढवताना ती स्वयंपाकघरात आली नाही. मी तिला हाक मारली नाही.

सगळ्यांचं इतकं चांगलं होत नाही, हेही लिहायला हवं. हे ऑपरेशन केलेल्यांपैकी पाचातला एक माणूस नंतरही पुरता समाधानी नसतो, असं जगभरचे अभ्यास सांगतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या एक्स-रेवरची रेषा अगदी मधून गेलेली असते. सरळ रेषा ही गरजेची, पण ती एकटी माणसाला चालवत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा पाय आईच्यापेक्षा सरळ आहे, आणि त्या अजून काठी सोडत नाहीत. त्यांना उशी काढून घेणारं कुणी नव्हतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅनोग्राम झाला. डॉक्टरांनी तेच दोन ठिपके दिले, तीच रेषा ओढली. या वेळी ती गुडघ्यातून गेली, बरोबर मधून नाही, मध्याच्या जरा आतून. मी आईकडे पाहिलं. ती ओळंबा थांबण्याची वाट बघावी तशी श्वास रोखून बसली होती.

वर्षभरानं, एका बुधवारी, ती एकटी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजाराला जाऊन आली. मेथीच्या दोन जुड्या, आवळे, आणि घाटाच्या पायऱ्या आपण कठडा न धरता उतरलो ही बातमी. चपला दारात काढल्या. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी घेतलेला जोड, म्हणजे नऊ महिन्यांची झीज. मी खाली बसून त्या उलट्या केल्या. डाव्या टाचेची झीज जवळजवळ सारखी, बाहेरच्या कडेला अगदी न्हाणीच्या ढाळाएवढी जास्त. उजवी मात्र पूर्वीसारखीच, तिरकी छाटल्यागत.

आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आता उजवा," ती म्हणाली. मग चपला माझ्या हातातून घेतल्या, आणि उंबऱ्याशी दोन्ही सारख्या लावून ठेवल्या.